रांगेतल्या एकट्या बाई

म्हैसूरच्या त्या पार्कात जहाजाच्या मोठ्या झोक्याची रांग काही केल्या हलत नव्हती. शहरातल्याच बोगादीहून हौसेनं आलेली माझी दोन्ही पोरं उन्हानं किरकिरायला लागली. आमचं मराठी ऐकून पुढे उभ्या असलेल्या साठीच्या बाई वळून हसल्या. सिल्कची साडी, केसांत गजरा आणि पायांत कोरे बूट. त्यांनी रुमालाला गाठी मारून उंदीर केला आणि तळहातावरून टुणकन उडवला. पोरं गप्प झाली.

त्यांच्याबरोबर कुणीच दिसेना. मला राहवेना. "नातवंडं कुठं गेली, काकू?"

"अमेरिकेत की! ती इथं होती तेव्हा मी सदा खालीच. सगळ्यांच्या पिशव्या, चपला धरून बसायची. आज एकटीच आली बघ."

फाटकावरच्या तरुणानं "अज्जी, बेडा, बेडा" म्हणत हात आडवा केला. त्या कन्नडमध्ये काहीतरी ठणकावून बोलल्या आणि तो ओशाळून बाजूला झाला.

"काय म्हणालात?"

"तुझ्या अज्जीला कधी बसवलास काय, विचारलं."

आम्ही मधे बसलो, त्या थेट टोकाला. जहाज वर गेलं तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत होते. माझी आई जत्रेत कधी पाळण्यात बसली होती का, ते मला आठवेना.

उतरल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"डोळेच मिटले मी! काय दिसलं नाही," त्या म्हणाल्या, आणि सुटलेला गजरा खोचत रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.