रक्तवाढीची गोळी आणि पाहुण्यांचा चहा

आमच्या महेशची सोयरीक मोडायला आली ती एका गोळीमुळं. (गोळी बंदुकीची नव्हे, रक्तवाढीची. आणि ती घेतली होती मुलाच्या आईनं, म्हणजे मी!)

झालं असं, की भाजीची पाटी उचलली तरी मला धाप लागायची. इंदापूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, लोह कमी आहे म्हणाल्या आणि गोळ्या लिहून दिल्या. "उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्या. मागंपुढं दोन तास चहा नको, दूध नको. एखादी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत." बाकी सगळं सोपं होतं हो, पण आमच्या बावडा गावात दोन तास चहाशिवाय? आमच्याकडं भांडायला आलेल्या माणसालाही आधी चहा देतात!

त्या रविवारी महेशसाठी वडगाव निंबाळकरला मुलगी बघायला निघालो. सकाळच्या गडबडीत गोळी राहिली, ती गाडीत आठवली.

"आज ऱ्हाऊ दे. उद्या दोन घे," हे म्हणाले.

"दोन घ्यायच्या न्हाईत!" असं ऐटीत सांगून मी गोळी गिळली. घर अजून बरंच लांब असेल, असा माझा अंदाज. महेशनं पुढच्याच वळणावर गाडी थांबवली.

"आई, उतर. आलं घर."

स्वाती, म्हणजे मुलगी, चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. बघताक्षणी पोरगी मला आवडली. आणि मी तिला पहिलं वाक्य काय बोलले? "मला चहा नको."

बैठक गार पडली. मुलीच्या हातचा चहा नाकारला म्हणजे मुलगी नाकारली, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. स्वातीच्या आजोबांनी टोपी सारखी केली. "पाव्हणीबाई, आमचं काय चुकलं का?"

"न्हाय वो आबा! तिला उपास हाय," हे घाईनं म्हणाले.

"मग खिचडी टाकते की! तवर गरम दूध घ्या," स्वातीची आई उठलीच.

"दूध तर आजाबात नको!" मी ओरडले. (इतक्या जोरात ओरडायची गरज नव्हती.)

आता यांनी सावरायला घेतलं. "त्याचं काय हाय आबा, तिला जरा आजार हाय."

"कसला?"

"रक्ताचा."

इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं कळलंय, की हे सावरायला लागले की आपण चपला शोधाव्यात. स्वातीच्या आईनं पदर तोंडाला लावला. सासूच्या उशाशी दवाखान्यात बसलेली लेक तिला आत्ताच दिसायला लागली असणार. महेशलाही मुलगी आवडली होती, आणि तो माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होता, तसं कुठल्या मुलानं आईकडं बघू नये.

शेवटी मी पर्समधून गोळ्यांचं पाकीटच काढलं आणि आबांच्या हातात दिलं. "रक्त कमी हाय माझं, दुसरं काय न्हाय. गोळी घेतली की चहा-दूध चालत न्हाय, म्हणून नको म्हटलं."

आबांनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं. "स्वाते, तुझ्याबी गोळ्या ह्याच न्हाईत का गं?"

"आबा!" स्वातीची आई किंचाळली. पाहुण्यांपुढं हे काढायचं नाही असं घरात ठरलं होतं, फक्त आबांच्या ध्यानात राहिलं नव्हतं!

स्वाती मात्र हसली. "व्हय, ह्याच. मी पण आज चहा घेतला न्हाय, मावशी. दोघींना लिंबू सरबत करू का?"

त्या सरबतावर लग्न ठरलं.

आता स्वाती आमच्या घरात आहे. सकाळची गोळी झाली की ती चहापावडरीचा डबा लपवून ठेवते. मी सगळं घर धुंडाळते, सापडत नाही. परवा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त तपासलं आणि छान वाढलंय म्हणाल्या. तेव्हापासून माझी पंचाईत झालीय. दुपारी आळीतल्या साऱ्या सासवा ओट्यावर जमतात आणि सुनेनं आपलं रक्त कसं आटवलं ते रंगवून सांगतात. मी आपली तोंड मिटून बसते. सांगणार काय, कपाळ? माझ्या सुनेनं माझं रक्त वाढवलंय!