वाचा, पण हात लावू नका

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टरच उडवत आलोय. आज तुम्ही माझी उडवलीत तरी तक्रार नाही.

मी नाशिकचा. विंचूरच्या वाईन पार्कमधल्या एका वायनरीत कॉम्प्युटर बघतो... सगळे लिनक्सवर. टाक्यांच्या कूलिंगवर वाघकाका होते. एका रविवारी कूलिंग बंद पडलं, अख्खी टाकी नासली. 'वाघ झोपला होता,' म्हणून मॅनेजरसाहेबांनी काकांना काढलं. दोन महिन्यांत काका हार्ट अटॅकने गेले. दहाव्याला काकू म्हणाल्या, "ते झोपले नव्हते रे दादा. लोकं लय बोलतात. तेवढं नाव धुऊन काढ."

मला तेही करायचं होतं, पण खरं सांगतो — साहेबांची जिरलेली बघायची होती. कूलिंगची नोंद असलेला कॉम्प्युटर मात्र त्यांच्याच कुलपात.

मागच्या महिन्यात भर दुपारी त्यांनीच तो माझ्या टेबलावर ठेवला. "हार्ड डिस्क कशी चालते बघ, कोरी कर, पॅकिंगवाल्यांना वापरायला दे." आणि शेजारी ठाण मांडून बसले.

स्पीड तपासला, उत्तम. पुसायला गेलो तर डिस्क ऐकेना. सेटिंग बघितली — रीड-ओन्ली ऑन. म्हणजे वाचता येईल, लिहिता-पुसता येणार नाही. ऑफ केली, परत ऑन! रीस्टार्ट केलं. रीस्टार्टनंतर ही सेटिंग टिकत नाही, कुणाही जाणकाराला विचारा... टिकली.

माझ्या अंगावर काटा आला. ही सेटिंग ऑन करायची एकच कमांड काका माझ्याकडून शिकले होते. घरी जाताना रोज मारायचे आणि म्हणायचे, "वाचा लेको, पण हात लावायचा नाय!"

"उद्या हातोड्याने फोडू," म्हणत साहेब वैतागून उठले. मी लगेच नोंद उघडली. त्या रविवारी कूलिंग बंद केलं होतं साहेबांच्या लॉगिनने. कॉपी थेट मालकांकडे गेली. मालक स्वतः काकूंच्या घरी जाऊन हात जोडून आले.

साहेबांना त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत मालकांना लेखी खुलासा द्यायचा होता. चारच्या सुमारास त्यांचा फोन आला. "अरे, तीनदा टाईप केलं, सेव्हच होत नाहीये!"

त्यांच्या केबिनमधला कॉम्प्युटर नवाकोरा. मी सेटिंग बघितली. रीड-ओन्ली ऑन.

ती मी केली नव्हती, आईशपथ. कुणी केली, कशी केली, आजही सांगता येत नाही. ऑफ करायला कमांडची एक ओळ पुरली असती, कदाचित.

"डिस्क चांगली आहे साहेब," म्हटलं, आणि चहाला गेलो.