निळ्यावरचे पिवळे ठिपके

बेळगावच्या प्रयोगशाळेत लागले तेव्हा घरी एवढंच सांगितलं होतं, की मी धातू तपासते. खरं तर मी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतले सिलिकॉनचे कण बघत होते. ते सुईसारखे लांब असले की या धातूचा बनवलेला पंपाचा भाग तिथूनच तडकतो. बारीक, गोल असले तर टिकतो. धातू ओतताना चिमूटभर दुसरा धातू घालून आम्ही ते गोल करू पाहत होतो. जमलं की नाही, ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच कळणार होतं. पण त्याआधी तुकडा आरशासारखा घासावा लागतो, आणि माझ्या तुकड्यांवर दर वेळी ओरखडे! मन अगदी खट्टू व्हायचं.

एके दिवशी माझे वडील, आप्पा, आमच्या येळ्ळूर गावाहून माझ्यासोबत शहरात आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना नवा चष्मा घ्यायचा होता. तो घालूनच ते दुपारी प्रयोगशाळेत आले आणि दाराजवळ खुर्चीत बसले. या वेळी ओरखडा न पडलेला माझा नवा तुकडा तेव्हा सूक्ष्मदर्शकाच्या मशीनमध्येच होता. मशीन चालवणारी माझी कन्नड मैत्रीण पडद्यावरून नजर हलवत नव्हती. तुकड्यात कुठे काय आहे ते दाखवणारा नकाशा त्यावर हळूहळू रंगत होता. ॲल्युमिनियम निळं, सिलिकॉन पिवळं.

एकदम ती ओरडली, "बंतु, बंतु!" आलं, आलं! निळ्यावर पिवळे ठिपके, बारीक, गोल, सगळीकडे पसरलेले. सुई एकही नाही. आम्ही दोघी मिठी मारून नाचलोच.

"काय झालं गं?" आप्पा उठून आले.

"आप्पा, ह्या धातूच्या पोटातलं हाय हे. ठिपके गोल झाल्यात. आता पंप लवकर मोडायचा न्हाय."

"हे तू केलंस?"

"आमी दोघींनी."

आप्पा पडद्याशी वाकून बघत राहिले. "रानातला पंप किती येळा खोलला मी," ते म्हणाले, "पर त्याच्या आत असलं नक्षीकाम असंल, वाटलंच न्हवतं. लई ग्वाड दिसतंय. अजून जवळ दाखीव की."

मैत्रीण हसत हसत चित्र जवळ आणत गेली, आप्पा "अजून, अजून" म्हणत गेले. आमचे डबे तसेच राहिले.

संध्याकाळी येळ्ळूरच्या बसमध्ये त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायला सुरुवात केली, "आमच्या पोरीनं लोखंडाच्या पोटातलं हुडकून काढलं."

"ॲल्युमिनियम, आप्पा."

"व्हय, तेच," म्हणत त्यांनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.