वीतभर वर

वैजनाथ गावंडे सरांनी फळ्यावर वर्तुळ काढलं की ते वर्तुळच असायचं. खडू टेकवायचा, हात खांद्यातून एकदा फिरवायचा, आणि रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळायची. नारायण पेठेतल्या त्या शाळेत तेवीस वर्षांत कितीतरी पोरांनी मधल्या सुट्टीत दोरी लावून ते तपासलं होतं. कुणाला कधी बोटभर चूक सापडली नव्हती. सर मूळचे वाशीमकडचे. पुण्यात येऊन त्यांची भाषा पुष्कळ धुऊन निघाली होती, पण गणित अडलं की तोंडातून 'का'ऐवजी 'काहून' निघायचंच. नववीची पोरं त्या 'काहून'ला घाबरत आणि घरी जाऊन त्याची नक्कल करत.

दोन हजार बाराच्या जूनमध्ये शाळेत डिजिटल फळा आला. मराठी माध्यमाची पटसंख्या दरवर्षी घसरत होती. मोबाइल कंपन्यांत नोकरीला लागलेले आईबाप मुलांना पिवळ्या बसने लांबच्या शाळेत पाठवू लागले होते. त्यावर मुख्याध्यापिका मंदाकिनीबाई आगाश्यांनी फाटकावर पाटी लावली: 'येथे संपूर्ण डिजिटल शिक्षण मिळते. चौकशी ११ ते १. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे चौकशी करू नये, त्याला काही माहीत नाही.' संपूर्ण डिजिटल म्हणजे एक वर्ग होता. नववी अ.

फळा बसवायला कंपनीचा अभिनव नावाचा तरुण आला. पांढराशुभ्र फळा भिंतीवर, छताला टांगलेला प्रोजेक्टर, आणि हातात शाई नसलेलं पेन. पेन टेकवलं की रेघ उजेडाने उमटायची.

"मॅम, एकदम युजर फ्रेंडली आहे," अभिनव म्हणाला.

"युजर म्हणजे आम्ही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "फ्रेंड कोण, ते कळेल हळूहळू."

पहिले दोन महिने बरे गेले. सरांना तो फळा मनातून आवडला नव्हता, कारण त्याला खडूचा आवाज नव्हता. पण पुसायला लागायचं नाही आणि बाहीवर भुकटी उडायची नाही, हे त्यांनी घरी बायकोजवळ कबूल केलं होतं.

मग गणपतीच्या आधी शाळेची झाडलोट निघाली. शकूमावशी शाळेत शिपाई होत्या आणि कोळिष्टकं हे त्यांचं जुनं वैर होतं. लांब बांबूला कुंचा बांधून त्यांनी नववी अ चं छत साफ केलं, आणि त्या ओघात प्रोजेक्टरही मनापासून झटकला. त्याचं नाक जरासं खाली झुकलं. चित्र तेवढंच खाली सरकलं. फळ्याला मात्र ते कुणी कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्याच्या मध्यावर पेन टेकवून 'बहुपदी' लिहिलं. अक्षरं वीतभर खाली उमटली.

सरांनी चष्मा पुसला. पुन्हा लिहिलं. पुन्हा वीतभर खाली. त्यांनी वर्गाकडे पाहिलं. वर्ग शांतपणे वहीत 'बहुपदी' लिहून घेत होता.

त्या क्षणी सरांना जे वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांना वाटलं, आपल्यालाच जमत नाहीये. परवाच शिक्षकांच्या खोलीत इतिहासाच्या भाग्यश्रीबाई म्हणाल्या होत्या, "पन्नाशीनंतर हात या यंत्रांना ओळखत नाही म्हणे." सर एकावन्न वर्षांचे होते. ज्या हाताची तेवीस वर्षं ख्याती होती, तो फळ्यावर नेम धरून नेम चुकवतोय, हे मुख्याध्यापिकांना जाऊन सांगायचं? त्यापेक्षा त्यांनी ठरवलं, शिकून घेऊ.

आणि ते शिकले. शाळा सुटल्यावर तासभर वर्गाचं दार लोटून सराव करायचे. जिथे लिहायचं असेल त्याच्या वीतभर वर पेन धरायचं आणि नजर मात्र खाली ठेवायची. पहिल्या आठवड्यात त्यांची अक्षरं पायऱ्या उतरत होती. तिसऱ्या आठवड्यात समीकरण सरळ रेषेत आलं. दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, फळ्याच्या वरच्या अंगाला हात फिरवून त्यांनी खालच्या अंगाला एक निर्दोष वर्तुळ काढलं आणि स्वतःशीच म्हणाले, "हं."

"मस्त आलं, सर," मागून आवाज आला.

दारात दीक्षा उभी होती. दीक्षा कांबळे, दांडेकर पुलाजवळून चालत यायची, पहिल्या बाकावर बसायची, आणि शंका विचारल्याशिवाय तिचा तास सुटायचा नाही. ती विसरलेली कंपासपेटी न्यायला आली होती.

"तू कधीपासून बघतेस?"

"आत्ताच आले. पण रोज दिसतंच ना, सर. तुम्ही वर लिहिता आणि खाली येतं."

"मग बोलली काहून नाही?"

दीक्षा जरा गोंधळली. "आम्हाला वाटलं, डिजिटलमध्ये असंच असतं."

सरांना एकदम हलकं वाटलं. असंच असतं. म्हणजे दोष हाताचा नव्हता. यंत्राची पद्धतच ती होती आणि ती त्यांनी आत्मसात केली होती. त्या दिवशी त्यांनी घरी जाताना चितळ्यांकडून पाव किलो आंबा बर्फी घेतली आणि बायकोला कारण सांगितलं नाही.

दिवाळीनंतर त्यांचा लौकिक वाढतच गेला. कारण दुसऱ्या कुणाला तो फळा वश होईना. भाग्यश्रीबाई शिवकालीन किल्ल्यांचा नकाशा लावून राजगडावर टिंब द्यायला गेल्या, तर टिंब थेट साताऱ्याच्या पलीकडे पडलं. त्यांनी पेन ठेवून दिलं ते परत उचललं नाही. विज्ञानाच्या सरांनी तर फळ्यावर सरळ घडीचा तक्ता टांगला. गावंडे सर मात्र सराईतपणे लिहीत राहिले. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जाऊ लागलं.

डिसेंबरात तपासणी लागली. विस्तार अधिकारी डिजिटल वर्ग पाहायला येणार होते. मंदाकिनीबाईंनी सरांना बोलावलं.

"गावंडे सर, तास तुमचाच ठेवलाय. बाकीच्यांचं फळ्याशी बोलणं बंद आहे."

सरांनी मान हलवली. त्यांना अभिमान वाटला, आणि तो चेहऱ्यावर येऊ नये म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

बाई कुठलीही गोष्ट अर्धवट ठेवणाऱ्या नव्हत्या. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी, सर घरी गेल्यावर, त्यांनी कंपनीला फोन करून अभिनवला बोलावून घेतलं आणि सगळं एकदा बघून जायला सांगितलं. अभिनवने प्रोजेक्टर सरळ केला, फळ्यावर उमटलेल्या नऊ ठिपक्यांना क्रमाने पेन लावलं आणि चार मिनिटांत निघून गेला. फळा ठणठणीत झाला. सरांना ते सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला विस्तार अधिकारी शेवटच्या बाकावर येऊन बसले. सडसडीत, तोंड बंद ठेवणारे गृहस्थ होते. शेजारी मंदाकिनीबाई. विषय निर्देशक भूमिती. फळ्यावर चौकटींचा आलेख तयार होता. सर पुढे झाले.

"बिंदू घेऊ दोन, तीन," असं म्हणून त्यांनी ऐटीत पेन टेकवलं. वीतभर वर.

बिंदू पेनाखालीच उमटला. दोन, सातवर.

सरांनी तो पुसला आणि पुन्हा टेकवलं. पुन्हा दोन, सात. आता त्यांना खाली टेकवायला हवं होतं, पण तीन महिन्यांची सवय; हात खाली यायला तयारच नव्हता. शीर्षक लिहायला गेले तर ते फळ्याच्या चौकटीवर गेलं, म्हणजे कुठेच गेलं नाही. वर्गात कुणीतरी खोकलं. मंदाकिनीबाईंनी पदर सावरला.  सरांच्या मनात आलं, संपलं. भाग्यश्रीबाई म्हणत होत्या तेच खरं.

"काहून?" ते फळ्याला म्हणाले.

पहिल्या बाकावरून दीक्षा उठली आणि हळूच म्हणाली, "सर, फळा बरा झालाय."

ती हळूच म्हणाली, पण वर्ग इतका शांत होता की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. सर तिच्याकडे पाहत राहिले. मग फळ्याकडे. तीन महिने उलगडत गेले: झाडलोट, कुंचा, पायऱ्या उतरणारी अक्षरं. ते आधी खिन्न झाले, आणि मग त्यांच्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. त्यांनी पेन त्या चुकलेल्या बिंदूकडे रोखलं.

"मला कुठं जायचं होतं?"

"दोन, तीन," वर्ग म्हणाला.

"गेलो कुठं?"

"दोन, सात."

"मग दोन काहून नाही बदलला?"

"कारण तुम्ही सरळ वर चुकलात, सर," दीक्षा म्हणाली. "तिरके नाही चुकलात."

"आता मी तीन बिंदू घेतो. माझा हात सगळे चारानं वर नेणार. तुम्ही सांगा कुठं पडतील." वर्ग ओरडत गेला, सरांचा हात चुकत गेला, आणि एकही चूक अंदाजाबाहेर गेली नाही. शेवटी हवा होता तो त्रिकोण दीक्षाने खाली तुटक रेघांनी काढला; झालेला वर होताच.

"क्षेत्रफळ बदललं?"

"नाही, सर. नुसता उचलून वर ठेवलाय."

तास संपला तेव्हा मागच्या बाकावरचे गृहस्थ उठून पुढे आले. "हे पाठ नियोजनात होतं?"

खोटं बोलायची ही चांगली संधी होती. सर म्हणाले, "नाही, साहेब. फळा कालच दुरुस्त झाला. मी अजून व्हायचोय." आणि उभ्या उभ्या सगळी हकीगत सांगून टाकली.

अधिकाऱ्यांनी ती शांतपणे ऐकली, एकदा छताकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. ते गेल्यावर मंदाकिनीबाई सरांजवळ आल्या.

"तीन महिने बिघडलेल्या यंत्राशी संसार केलात, आणि तक्रारीचा शब्द नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे चाळीस वर्षांत हे कुणाला जमलं नाही." शाळेत त्यांच्या तोंडून निघालेली ही सगळ्यात मोठी स्तुती होती, असं पुढे सर्वांचं मत पडलं.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, 'तंत्रज्ञानातील विचलनाचा अध्यापनात नावीन्यपूर्ण वापर.' सोबत पत्र होतं: श्री. गावंडे यांनी शहरातल्या चाळीस शिक्षकांना डिजिटल फळ्याचं प्रशिक्षण द्यावं. पत्र वाचून सरांना घाम फुटला. नऊ ठिपके कसे लावतात हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. ते अभिनवकडून शिकून घ्यायला त्यांना दोन दुपारी लागल्या, आणि हात पुन्हा जागेवर यायला त्याहून जास्त; जानेवारीभर ते दहावीच्या साध्या काळ्या फळ्यावरही वीतभर वरूनच सुरुवात करत होते.

प्रशिक्षणाच्या दिवशी एका सभागृहात चाळीस मास्तर आणि बाई हात बांधून बसले होते. बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. सरांनी पेन उचललं नाही. त्यांनी आधी विचारलं, "तुमच्या शाळेतला फळा नीट चालत नाही, असं कितीजणांना वाटतं?"

एकही हात वर झाला नाही.

"बरं. आपल्यालाच जमत नाही, असं किती जणांना वाटतं?"

 मग मागच्या रांगेतल्या एका बाईंनी इकडेतिकडे बघत हात वर केला. त्यांच्या शेजारच्याने केला. मग हळूहळू सगळ्यांनीच केले.

"आता फळा बसवणाऱ्या कंपनीचा फोन नंबर लिहून घ्या," गावंडे सर म्हणाले, आणि नंबर त्यांनी खडूने लिहिला.