भालेरावांचं नख

भालेराव गाडीची काच आधी डोळ्यांनी पाहत नसत. डोळे मिटून अंगठ्याचं नख ओरखड्यावरून हळूच ओढत. नख सरकलं तर पॉलिश, अडकलं तर काच बदलायची. विठ्ठलवाडी डेपोमागच्या त्यांच्या पत्र्याच्या गाळ्यात एवढा एकच कायदा होता.

पहिल्या भेटीत गुन्हेगार मीच होतो. दोन हजार पाचच्या आसपास मी एक जुनी गाडी घेतली होती. हेंद्रेपाड्यात घरासमोरच्या झाडाखाली ती उभी असे. पुढच्या काचेवर वाळलेली पक्ष्यांची घाण मी तारेच्या घासणीने काढली आणि नेमका चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खोल चरा उमटला. भालेरावांनी त्यावर नख फिरवलं आणि मी काय करतो ते विचारलं. शाळेत इतिहास शिकवतो, म्हणालो.

"तरीच. सर, काच आहे ही, कढई नाय."

नवी काच यायला आठ दिवस लागणार होते. शहाडचा एक जण अर्ध्या तासात घासून देतो, असं मी जरा रागानेच सुनावलं. भालेरावांनी कोपऱ्यातली एक जुनी काच पुसली, मला तिच्यामागे उभं केलं आणि समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत मान हळूहळू हलवायला सांगितली. खांब मध्येच कमरेत वाकला आणि पुन्हा सरळ झाला. मी तीनदा मान हलवून पाहिली.

तरुणपणी ते उल्हासनगरात एका सिंधी शेठकडे चष्म्याची भिंगं घासत. त्याच हाताने त्यांनी बहिणीच्या नवऱ्याच्या, सुदामदाजींच्या टेम्पोच्या काचेवरचा खोल चरा दिवसभर घासून नाहीसा केला होता. घरच्यांनी कौतुक केलं. पुढच्याच आठवड्यात अंबरनाथजवळ तो टेम्पो उभ्या ट्रकवर आदळला. काच शाबूत राहिली, दाजींचा पाय गेला. कोपऱ्यातली काच तीच.

"चरा दिसतो, सर. घासून पडलेला खड्डा दिसत नाय. भिंगवाल्याला तरी कळायला नको?"

मी आठ दिवस थांबलो. त्यानंतर काम नसतानाही तिथे जाऊन बसू लागलो. धुळीवर कोरडा वायपर फिरवणाऱ्या माणसाशी ते दोन दिवस बोलत नसत. माझ्याशी दोनदा बोलले नाहीत.

चार वर्षांनी ते गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरी गेलो, तर दारात कुबडी टेकवून सुदामदाजी बसले होते. त्या काचेतून वाकलेला खांब मीही पाहिलाय, असं मी त्यांना सांगितलं.

"मी समोर बघतच नव्हतो, सर. पोरगी शेजारी बसलेली. तिचं बिस्किट खाली पडलं, ते उचलत होतो."

हे भालेरावांना कधी सांगितलं का, मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी, दवाखान्यात. तर म्हणाला, दाजी, माझ्यासाठी खोटं नका बोलू."