तीन उष्टे पाइप

ती केस आजही आठवते, असं मी म्हणणार नाही. आठवायला आधी विसरावं लागतं, आणि ही केस विसरायला मी तयार नाही. नावं कुणाचीच घेणार नाही, गावाचंही नाही. वाटूर फाट्यापासून जीपने फार लांब नव्हतं, एवढं सांगतो. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, माझी हरकत नाही.

जालना जिल्हा नवा होऊन फार वर्षं झाली नव्हती. आमचं ठाणं म्हणजे चार खोल्या, एक जीप आणि ती ढकलायला हजर असतील तेवढे शिपाई. एका सकाळी हजेरी चालू असताना फिर्यादी आले. गावचे जुने जमीनदार, राहायला जालन्यात, ओळखी वरपर्यंत. त्यांच्या आजोबांना निजामाच्या काळात कुणा इंग्रज साहेबाने तंबाखू ओढायचे पाच पाइप भेट दिले होते. ते गावच्या घरातल्या कपाटातून गेल्या महिन्यात चोरीला गेले, अशी फिर्याद. चोर कोण, हेही त्यांनीच सांगितलं. गावच्या शाळेतले गुरुजी.

फिर्यादी चोराचा पत्ता सोबत घेऊन येतो, तेव्हा माझे कान टवकारतात. मी विचारलं, "गुरुजींवरच संशय कसा?"

"मुंबईचा एक व्यापारी आल्ता त्याच्याकडं. गुरुजी काचेच्या कपाटात पाइप मांडून बसलाय म्हणे, लई भारी माल हाय म्हणे. आता तुम्हीच सांगा साहेब, त्या वस्तीत असली चीज कुठून येणार?"

गुरुजी बौद्ध समाजातले. फिर्यादींच्या मते पुरावा एवढाच होता आणि पुरेसा होता.

मी गुन्हा नोंदवला. दुपारी वरून फोन आला, अटक करून मोकळे व्हा. सरकारी नोकराने दोन दिवस कोठडीत काढले की निलंबन ठरलेलं, आणि गुरुजी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. आयुष्यभराच्या इभ्रतीवर एका दुपारी पाणी. मी म्हटलं, "तपास चालू आहे, सर." खात्यात या वाक्याइतकं उपयोगी वाक्य दुसरं नाही.

पंच घेऊन झडतीला गेलो. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, भिंतीला काचेचं कपाट, त्यात तीसेक पाइप रांगेने लावलेले. गुरुजी स्वतः बिडीलाही शिवत नव्हते. सगळा मुद्देमाल बांधला आणि त्यांना जबाबासाठी ठाण्यात आणलं. खुर्ची मागवली. आमच्या हवालदाराला ते आवडलं नाही. मी दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा खुर्ची आली.

चौकशीत माणूस आधी नाही म्हणतो, मग रडतो, मग पाहुण्यारावळ्यांची नावं घेतो. गुरुजींनी यातलं काहीच केलं नाही. एकेक पाइप हातात घेऊन तो कुठून आणला ते सांगू लागले. हा हैदराबादच्या जुन्या बाजारातला, हा जालन्याच्या भंगारवाल्याकडचा. ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाशी गाठ असते, तिच्यातून हे कोरतात, म्हणून विस्तवाने जळत नाहीत. दांड्यावरचा शिक्का भिंगातून वाचायचा. चांदीचा पट्टा असेल तर त्यावर एक बारीक अक्षर असतं, त्यावरून चांदीवर छाप कोणत्या साली पडला ते कळतं. मग त्यांनी तीन साधे, काळपटलेले पाइप बाजूला काढले.

"हे तीन त्यांच्याच घरचे हायेत."

तीस वर्षांच्या नोकरीत एवढा सरळ आरोपी मला भेटला नव्हता. मी विचारलं, "चोरले?"

"न्हाई. माझ्या वडलांना दिल्ते त्यांनी."

"कशाबद्दल?"

"ते त्यांनाच इचारा."

"गुरुजी, एका वाक्यात सुटाल. सांगा."

"माझ्या तोंडानं सांगणार न्हाई साहेब. ज्यांनी दिले, त्यांनी सांगावं. मंग जेलात टाका, न्हाईतर सोडा."

मला राग आला. या माणसासाठी मी वरिष्ठांचे बोल खातोय आणि हा तोंड उघडायला तयार नाही. तरी जाता जाता त्यांनी एक गोष्ट दाखवली. तिन्ही पाइपांच्या तंबाखू भरायच्या वाटीची कड डाव्या बाजूने करपली होती. "काडी डाव्या हातानं लागलीय. ओढणारा डावखुरा व्हता. बाकीच्यांची उजवी कड बघा." बघितली. बरोबर होतं.

चोरीच्या वस्तूची ओळख पटवताना ती तशाच दुसऱ्या वस्तूंत मिसळावी लागते. घड्याळ असेल तर बाजारातून दहा आणता येतात. इंग्रजी पाइप आमच्या तालुक्यात कुठून आणू? शेवटी गुरुजींचेच सगळे तहसीलदारांसमोर टेबलावर मांडले. नियमाप्रमाणे मी बाहेर थांबलो. फिर्यादींनी खिशातून रुमाल काढला, रुमालाने धरून चांदीच्या पट्ट्याचे चकचकीत पाच पाइप उचलले आणि म्हणाले, हेच. तहसीलदारांनी त्या तीन काळ्या पाइपांकडे बोट दाखवलं. त्यावर फिर्यादी म्हणाले ते पंचनाम्यात शब्दशः आहे. "हे कुणाचं तरी उष्टं हाय. आमचे आजोबा असलं वापरत न्हवते."

ते पाच पाइप मी औरंगाबादला जुन्या चांदीच्या एका जाणकाराला दाखवले. चांदीवरचं साल आजोबा वारल्यानंतरचं निघालं. चोरीचा बार फुसका ठरला. पण तीन पाइपांचं काय, हा प्रश्न उरलाच. वरून फोन येत होतेच. "पाच नाही तर नाही, तीन तर त्याने कबूल केलेत ना?"

आजोबांना पाहिलेलं एकच माणूस हयात होतं, त्यांची सून, म्हणजे फिर्यादींच्या चुलती. गावच्याच घरी राहत. जबाब घ्यायला मी तिथे गेलो. फिर्यादी शेजारी बसले होते. म्हातारीने तिन्ही पाइप हातात घेऊन, फिरवून बघितले.

"मामंजींचे. डाव्या हातानं काडी लावायचे. धोतराला भोकं पडायची."

फिर्यादी म्हणाले, "काकू, तुम्हाला दिसतंय का बराबर?"

"मला बिलकुल दिसतंय. साहेब, लिव्हा." ती माझ्याकडे वळली. "मामंजी गेल्यावर त्यांचं अंथरूण, कापडं वेशीबाहेर द्यायची चाल व्हती. मेलेल्या माणसाच्या तोंडाला लागलेलं घरात कोण ठेवतंय? हे तीन मीच अंथरुणात गुंडाळले. गुरुजीचा बाप न्यायला आल्ता."

"तुम्ही त्याच्या हातात दिलं?"

"हातात कोण देत व्हतं? खाली टाकलं. त्यानं उचललं. गुरुजी तवा पोरगं, बापाचं धोतर धरून बघत व्हतं."

फिर्यादी उठून गेले. मी जबाब वाचून दाखवला, म्हातारीने अंगठा उमटवला. गुरुजी काय सांगत नव्हते, ते मला तेव्हा कळलं, आणि माझा राग पार उतरला. स्वतःची मान सोडवायला त्यांनी बापाला पुन्हा वाकवलं नव्हतं.

ब समरी, म्हणजे फिर्याद खोटी असल्याने प्रकरण बंद करावं असा अहवाल, कोर्टाला पाठवली. कोर्टाचा हुकूम आला आणि गुरुजींना मुद्देमाल न्यायला बोलावलं. हवालदाराने गाठोडं आणून त्यांच्या पायाशी जमिनीवर ठेवलं. "घ्या गुरुजी, मोजून घ्या."

गुरुजी हलले नाहीत.

हवालदार म्हणाला, "उचला की."

"खालून उचलणार न्हाई."

मी खुर्चीवरून उठलो, गाठोडं उचलून टेबलावर सोडलं आणि एकेक पाइप त्यांच्या हातात दिला. काळे तीन शेवटी दिले. मी विचारलं, "गुरुजी, हे तीन कशाला जपता?"

"हे तीन आमच्यापुढं टाकलेले हायेत. बाकीचे मी माझ्या पसंतीनं घेतले. पोरांना दोन्ही दाखवायचे."

दोन महिन्यांत माझी बदली झाली. होऊ दे. जाण्याआधी वरिष्ठांनी विचारलं, मुद्देमाल द्यायला शिपाई नव्हता का? मी सांगितलं, होता, पण त्याला देता येत नव्हतं.

चोरी कशी ओळखावी हे खात्याने मला शिकवलं होतं. देणं कसं असतं ते गुरुजींनी शिकवलं. पुढे ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथे पहिल्या हजेरीला एक हुकूम दिला, मुद्देमाल परत करताना खाली ठेवायचा नाही, हातात द्यायचा. कारण विचारणाऱ्याला कारण सांगितलं नाही. आज सांगितलं.