ज्ञानूनानांची मोठी थाळी

आमच्या शेजारचे ज्ञानूनाना फौजेत सुरुंग शोधायचे. पेन्शनीत आल्यावर त्यांनी धातू शोधायचं यंत्र घेतलं. इस्लामपूरच्या आसपास कुणाचं मंगळसूत्र उसात पडलं, की पहिला फोन नानांना. पैसे घेत नाहीत, चहासुद्धा उभ्यानंच पितात. अट एकच, यंत्र चालू असताना त्यांच्या मागून कुणी चालायचं नाही.

यंत्राला खाली लावायच्या थाळ्या दोन. लहान थाळी बारीक जिन्नस पकडते, पण वीतभरच खाली पोचते. मोठी खोल जाते, पण बारीकसारीक तिला कळत नाही. यंत्रासोबत आलेली मोठी थाळी नानांनी कधी लावलीच नाही, ती आपली खुंटीला. "नाना, हिला काय पूजेला ठेवलीय?" माझं आपलं उचलली जीभ, लावली टाळ्याला. तेव्हा कळलं. सरहद्दीवर एकदा वेळ थोडा होता, म्हणून नानांनी तसलीच मोठी थाळी लावून वाट तपासली. सुरुंग प्लॅस्टिकचा, आत टाचणीएवढं लोखंड. यंत्र गप्प राहिलं. मागून त्यांचा जोडीदार लालासाहेब येत होता, त्याचा पाय पडला, तो तिथंच गेला.

"आजून मागनं चालतोय," नाना म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या माघात म्हसवडकडून हरणाबाई आली. साठी उलटलेली, मेंढपाळाच्या घरची. चाळीस वर्षांपूर्वी त्यांची मेंढरं आमच्या ओढ्याकाठी बसली होती, तेव्हा तिचं महिन्याचं लेकरू गेलं. तान्ह्याला जाळत नाहीत. तिथंच पुरलं आणि दुसऱ्या दिवशी मेंढरं पुढं निघाली. आता तिथून रस्ता जाणार होता, सकाळी खोदाईचं मशीन येणार होतं.

"त्येच्यावरनं गाड्या जाऊ देऊ नगा, दादा. पायात चांदीचा वाळा हाय त्येच्या."

वाळा बारीक, म्हणून नानांनी लहान थाळी लावली. मी फावडं घेऊन लांब उभा. दिवस कलला तरी यंत्र गप्पच.

"आक्का, खड्डा किती खोल हुता?"

"मांडीएवढा. कोल्ह्याकुत्र्याच्या भ्यानं."

"मग ही पोचायची न्हाई. आन् मोठीला वाळा कळायचा न्हाई. आनि काय ठिवलं हुतं का संगं?"

हरणाबाईनं इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाली, "इळा."

तान्ह्याच्या उशाखाली विळा ठेवतात, वाईटसाईट जवळ येऊ नये म्हणून. तिनं तो तसाच लेकराच्या उशाला पुरला होता. "मामंजीनी इळा हरिवला म्हणून लय मारलं. पर म्या सांगितलं न्हाई. उकरून काढला असता त्येनी."

नाना घरी जाऊन मोठी थाळी घेऊन आले. चालताना ते सारखे मागं वळून बघत होते. ओढ्याकाठच्या बोरीच्या झाडापाशी यंत्र ओरडलं.

मी उकरलं, तर विळ्याची नुसती गंजलेली पात उरली होती. खाली काळा पडलेला वाळा. लेकराचं काही नव्हतं. हरणाबाईनं तो वाळा आणि तिथली माती पदरात बांधली, आणि विळा नानांच्या हातात दिला. "माज्या लेकराची राखण झाली. आता तुमी उशाला ठिवा. मागनं येतंय त्ये येणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी विळा नानांच्या बाहेरच्या पायरीवर पडलेला.

"नाना, झोप लागली न्हाई व्हय?"

"लागली की. पर लालासाहेब उंबऱ्याभायेर उभा दिसला. आत येता येईना त्येला." नानांचे डोळे भरले. "बघवलं न्हाई गड्या. उशाचा इळा काढून ठिवला."